माझ्या फ्रीजमधली क्रॅनबेरी

माझ्या घरमालकाबद्दल चार शब्द बरे लिहायचे म्हणजे आधी मला दम धरावा लागतो. ज्या माणसानं तीन महिने माझ्या फ्रीजचा खालचा कप्पा अडवला, भर वैशाखात माझे आंबे जिन्यात नेऊन ठेवले आणि माझ्या वरणात कागदाची पट्टी बुडवून, "सहा," एवढंच म्हणून जो निघून गेला, त्याच्याबद्दल एकदम गोड कसं लिहिणार? तरी लिहिते. मधेच राग आला तर समजून घ्या.

मी नर्स. अंबडपासून बसनं पाऊण तासावरच्या आरोग्य केंद्रात माझी ड्युटी. गाव केदारखेडा, ते राहिलं तिकडं भोकरदनच्या बाजूला. रोजची ये-जा शक्यच नाही, म्हणून अंबडला खोली बघत फिरत होते. एकटी मुलगी दिसली की मालक लोक आधी लग्नाचं विचारतात, मग पाहुण्यांचं, मग मटण शिजवता का ते. या माणसानं मला दारात उभं ठेवून विचारलं, "तुमच्या तिथं लसीच्या फ्रीजचं टेंपरेचर कोण लिहितं?"

"मीच लिहिते."

"किती बार?"

"दोनदा. सकाळ-संध्याकाळ."

"बघून लिहिता, का बसल्या जागी?"

मला असा राग आला म्हणता! म्हटलं, "बघून लिहिते. लहान लेकरांच्या लसी असतात त्यात."

"मंग राहा," म्हणाले आणि किल्ली हातात दिली. भाडं किती ते मीच दुसऱ्या दिवशी विचारलं.

अख्खी गल्ली त्यांना केमिस्टकाका म्हणायची. औषधाच्या दुकानातले नव्हेत. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं उसाचा रस तपासण्यात गेली होती. काकू पाच वर्षांपूर्वी वारलेल्या. एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीला. खाली काका एकटे, वर मी एकटी, आणि मधे बाहेरच्या अंगाचा तो जिना, ज्याला कठडा नव्हता. पहाटे पाचला खालून त्रिशरण-पंचशीलाचा आवाज यायचा आणि साडेपाचला जिन्यावर पावलं. आईनं फोनवर दोनदा विचारलं, "घर कोणाचं आहे गं?" मी दोन्ही वेळा सांगितलं, "केमिस्टाचं." तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. पुढं तीच त्यांच्यासाठी ज्वारीचं पोतं पाठवायला लागली, कारण काकांनी आमच्या विहिरीचं पाणी तपासून ते दोन पानी पत्र लिहून कळवलं होतं.

या पट्ट्यांचं सांगते. पीएच मोजायच्या पिवळ्या पट्ट्यांची एक छोटी डबी काकांच्या वरच्या खिशात कायम. लोक खिशात तंबाखू ठेवतात, यांच्या पट्ट्या. चहात बुडवायचे, ताकात बुडवायचे. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात, मी हट्टानं नेलं म्हणून आले, तर पंगतीत कढीत पट्टी! वाढपी वाढायचं सोडून बघत उभा. बसस्टँडजवळचा पाणीपुरीवाला मात्र तयार झाला होता. काका दिसले की स्वतःच वाटी पुढं करायचा.

"किती आला, काका?"

"तीन."

"मंग चांगलं का वाईट?"

"पाणीपुरीला चांगलं. पोटाचं तुझं तू बघ."

माणूस कधी 'साधारण', 'जवळपास', 'असेल' असं बोलायचाच नाही. मी म्हणायची, "काका, बस येईलच दहा-पंधरा मिनिटांत." लगेच, "दहा का पंधरा? अंदाज नका सांगू सिस्टर, आकडा सांगा." मला सगळा गाव सिस्टर म्हणतो, त्याचं काही नाही. पण काकांच्या तोंडी 'सिस्टर' आलं की पुढं काहीतरी तपासणी आहे हे मला कळायचं आणि डोकं आधीच तापायला लागायचं.

त्यांचा मुलगा, त्याला मी दादा म्हणते, एकदा चहा पिता पिता सांगत होता. तो जन्मला त्या दिवशी कारखान्याचा सीझन चालू. काकांची शिफ्ट. घरून निरोप आला, काका सायकल हाणत दवाखान्यात गेले आणि दोन तासांनी परत कामावर. मधल्या दोन तासांचं रीडिंग राहिलं. आता रस कालसारखाच, आकडा आदल्या दिवशीचा टाकला असता तर कुणाच्या बापाला कळणार होतं? काकांनी तिथं लिहिलं, 'घेतले नाही. कारण मुलगा झाला.' आणि साहेबापुढं नेऊन ठेवलं. दादा म्हणाला, "बघा सिस्टर, लोकांचा जन्म पत्रिकेत असतो, माझा चुकलेल्या रीडिंगमध्ये आहे." काका समोर बसून गंभीरपणे म्हणाले, "चुकलेलं न्हाई. राह्यलेलं." 

तर क्रॅनबेरी. तीही दादानंच घरात आणली. पुण्याहून येताना सुक्या मेव्याच्या पुड्यांत एक पुडी लाल लाल, आंबटगोड. मला आवडली, मी मूठभर खाल्ली. काकांनी एक खाल्ली, दुसरी ब्लेडनं चिरली, आत बी दिसलं. झालं. संध्याकाळी आम्ही दोघं नर्सरीत. मी कशाला गेले? कारण मी रिकामी दिसले.

नर्सरीवाला भला माणूस. म्हणाला, "काका, हे थंड मुलखातलं झाड. आपल्याकडं येत न्हाई."

"लावून पाह्यलं का?"

"लावायचं कशाला? येतच न्हाई ना. त्यापरीस करवंद न्या, तेबी असंच लाल होतं."

"करवंद!" काका असे ओरडले की बाजूची बाई कुंडी सोडून मागं सरकली. "क्रॅनबेरीला करवंद म्हणणं म्हणजे मला कंपाउंडर म्हणणं हाय!"

 रस्त्यानं येताना आपणहून म्हणाले की त्यांच्या वस्तीतलं पोरगं सायन्सला जात नसतं, असं एका मास्तरनं त्यांनाही असंच बसल्या जागी सांगितलं होतं. "त्यानंबी लावून पाह्यलं नव्हतं," म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचं इतकं पटलं की मी म्हणून बसले, "लावा काका, मी मदत करते." जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पहिल्या खेपेला त्यांनी त्या सुक्या पुडीतल्याच बिया पेरल्या. पाच महिने रोज पाणी. साखरेच्या पाकातून निघालेलं बी उगवत नाही, हे साखर कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला कळायला पाच महिने लागले! मी एकदा तसं बोललेही. म्हणाले, "कळलं ना आता? मंग वाया कुठं गेलं?"

दुसऱ्या वर्षी दादाला सांगून बर्फात ठेवलेली अख्खी फळं मागवली. ती एक-एक चिरली. फळात चार पोकळ खण, खणात मोहरीपेक्षा बारीक तपकिरी बिया. मोजल्या, एकशे बारा. त्या ओल्या कागदात गुंडाळून तीन महिने थंडीत ठेवायच्या. "त्यांना वाटायला पायजे की हिवाळा होऊन गेला," काका म्हणाले. बाहेर बेचाळीस डिग्री. काकांचा फ्रीज असा की त्यात दुधाची वीट व्हायची. मग हिवाळा कुठं? माझ्या फ्रीजमध्ये.

"खालचा कप्पा तेवढा," म्हणाले. तेवढा! बियांची डबी तळहाताएवढी, पण तिच्या शेजारी बाहेरून आकडा दिसणारा वायरचा थर्मामीटर, त्याच्या टोकाला वारा लागू नये म्हणून पुठ्ठा, आणि दारावर चिकटवलेली सूचना: 'कामाशिवाय उघडू नये.' माझ्या फ्रीजवर! दिवसातून तीन वेळा रीडिंग. पहाटे साडेपाचला दार ठोठावायचे, "सिस्टर, उठल्या का?" उठले नसते तरी उठलेच ना! मी दवाखान्यात दोनदा फ्रीजचं टेंपरेचर लिहिणार आणि घरी येऊन बघणार तर हा माणूस जादा किल्लीनं आत येऊन माझ्या स्वयंपाकघरात वही घेऊन उकिडवा बसलेला.

आंब्यांचं मी कधीच माफ करणार नाही. आईनं बागेतले केशर पाठवले होते. ड्युटीवरून आले तर आंबे जिन्यात फडक्यावर मांडलेले आणि गल्लीतली शेळी तिसरा आंबा संपवत होती. पिकलेल्या फळातून कसला तरी वायू निघतो आणि तो बियाला बाधतो म्हणे. मी म्हटलं, "काका, मला काय बाधतं याचा कधी विचार केला का?" तर शांतपणे, "तुम्हाला आंबा बाधत असंल तर आधी सांगायचं." 

आणि तो सुतळीचा दिवस. दुपारची बस चुकली, उन्हात तास काढला, घशाला कोरड पडलेली. जिना चढून आले तर फ्रीजला चारी बाजूंनी सुतळी गुंडाळून गाठ मारलेली, गाठीत चिठ्ठी: 'लाईट ११:४० पासून नाही. थंडी आत धरून ठेवणे.' मी जिन्यातूनच ओरडले. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. म्हटलं, "खोली सोडते मी! उद्याच्या उद्या! बियांना घर द्या भाड्यानं!" काका खालून माठातल्या पाण्याचा तांब्या घेऊन वर आले. माझं पाणी पिऊन होईपर्यंत उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "सुतळी सोडू का? पण मंग बघा, साडेतीन घंटे झाले, अजून सात डिग्रीच हाय." त्या तोंडाकडं बघून खोली कशी सोडणार?

चौतीस वर्षं रसाचा आंबटपणा चुना घालून मारला त्यांनी, आणि आता मातीला आंबट करत सुटले होते. आमच्या बोअरचं पाणी भांड्यावर पांढरं पुट धरणारं, ते क्रॅनबेरीला विष. म्हणून जारचं पाणी आणून त्यात चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर थेंब थेंब मोजून. नारळाचा भुसा, त्यात विश्रामगृहाच्या आवारातल्या सुरूच्या झाडाखालचा पाला. तो पाला गोळा करायला सुट्टीच्या दिवशी कोण गेलं असेल, सांगायला नको. "जिंदगीभर आंबट काढलं, आता घालून राह्यलो," म्हणायचे आणि स्वतःशीच हसायचे.

आषाढात काका पडले. पहाटेचं रीडिंग घ्यायला वर येत होते, चक्कर आली, आणि जिन्याला कठडा नाही. मी आवाजानं धावले. भुवईवर खोक, मनगट सुजलेलं. टाके घालायला घेऊन गेले तर रिक्षात पहिलं वाक्य काय? "टेंपरेचर घेतलं का?" मला रडू यायला लागलं आणि त्यांच्या मुस्कटात द्यावीशीही वाटली. त्यांना न विचारता मी दादाला फोन केला.

दादा त्याच संध्याकाळी आला. त्यानं आवाज चढवला नाही, पण बोलला ते सगळं खरं होतं. "बाबा, बास झालं आता. मी तिकडं प्रत्येक फोनला दचकतो. पुण्याला चला. घर बंद करू."

काका कपाळाला पट्टी बांधून भिंतीकडं बघत बसलेले. पुण्याला ते एकदा आठ दिवस राहून आले होते, अकराव्या मजल्यावर. काय वाईट होतं तिथं? काहीच नाही. सून चांगली, नातू चांगला. पण आल्यावर मला म्हणाले होते, "तिथं मला कुणी काही विचारत न्हाई, सिस्टर." इथं बाजाराच्या दिवशी लोक बाटल्यांतून विहिरीचं पाणी घेऊन यायचे, कुणी रुमालात माती बांधून. ओट्यावर रांग लागायची. काका पट्टी बुडवायचे, आकडा सांगायचे, काय करायचं ते कागदावर लिहून द्यायचे. अकराव्या मजल्यावर पट्टी कशात बुडवणार?

"प्रयोग चालू हाय," काका म्हणाले.

"कसला प्रयोग, बाबा?"

"पोळ्याला बी पेरणार. उगवलं तर पुढं फळाला चार वर्षं. रोप सोडून मी येऊ शकत न्हाई."

"आणि नाहीच उगवलं तर?"

काकांनी कपाळावरची पट्टी चाचपली. "दिवाळीपर्यंत न्हाई उगवलं तर बॅग भरतो."

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याला ठाऊक होतं उगवणार नाही. मलाही ठाऊक होतं. "शब्द?" तो म्हणाला. "शब्द," काका म्हणाले. मला साक्षीला ठेवलं. मी मान हलवली आणि वर येऊन फ्रीजचं रीडिंग घेतलं. तिथून पुढं तिन्ही वेळा मीच घेतलं, आणि खाली जाऊन सांगितलं. बघून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पेरणी. श्रीखंडाचे अकरा डबे, वर काचा, ओट्याच्या सावलीत. बी मातीत दाबायचं नाही, नुसतं वर ठेवायचं, त्याला उजेड लागतो. एकशे बारा बिया चिमट्यानं ठेवल्या त्यांनी, दुखऱ्या मनगटानं. गणपती आले, गेले. घट बसले, उठले. लोकांच्या घटातलं धान वीतभर वाढलं, आमच्या डब्यांत काळी माती तशीच्या तशी. काका भिंग घेऊन रोज अकरा डबे बघायचे आणि वहीत अकरा वेळा 'नाही' लिहायचे.

दसऱ्यानंतर त्यांनी डब्यांवरून भिंग फिरवायचं सोडलं, चहात पट्टी बुडवायची सोडली. मी मुद्दाम कप पुढं धरून विचारलं, "काका, किती?" म्हणाले, "असंल पाच-सहा." असेल! पाच-सहा! हा माणूस 'असेल' म्हणाला! मी वर आले आणि मला जेवण गेलं नाही. ते पडल्यावर दादाला फोन मीच केला होता. मी गप्प बसले असते तर ना दादा आला असता, ना हा शब्द झाला असता.

माझ्याकडं उपासाचा राजगिरा होता. पुढचं काय सांगू! काका पेन्शनच्या कामाला बँकेत गेले त्या सकाळी मी खाली उतरले, तीन डब्यांच्या काचा उचलल्या आणि चिमूट चिमूट राजगिरा भुरभुरला. काचा परत झाकल्या आणि वर पळाले. 

चौथ्या दिवशी पहाटे हाक आली. "सिस्टर. खाली या जरा."

काका उकिडवे बसलेले, भिंग हातात. तीन डब्यांत इवले इवले कोंब, दोन-दोन पानांचे. बराच वेळ बघत होते. मी म्हटलं, "काका, उगवलं की हो!" माझा आवाज मलाच खोटा वाटला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, परत डब्याकडं बघितलं. "हो," म्हणाले, "उगवलं." आणि काच हळूच झाकली.

मी इतकी खूश की मला काहीच खटकलं नाही. खटकायला हवं होतं. त्या दिवशी त्यांनी वही उघडली नाही, चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा डोक्यावर होता. मी म्हटलं, नर्सरीवाल्याला बोलावू का, जिरवू त्याची. दोन वर्षं ज्याचं नाव काढलं तरी ज्यांच्या कपाळावर शीर उठायची, ते काका म्हणाले, "नको. राहू द्या." पण पाणी रोज घालत होते. व्हिनेगरचे थेंब मोजत होते. चहाची पट्टी परत सुरू झाली. बाजाराच्या दिवशी एक म्हातारा तीर्थपुरीकडून पाण्याची बाटली घेऊन आला, त्याला दोनदा दोनदा समजावून सांगत बसले, चहा पाजला. असे बारा दिवस गेले. काका खुशीत, मी खुशीत.

दिवाळीच्या सुट्टीत दादा आला. गाडीतून उतरला तो पुण्याला न्यायच्या तयारीनं, मोठी बॅग रिकामी घेऊन. काकांनी त्याच्या हातातली बॅग घेऊन बाजूला ठेवली. मीच त्याला ओट्यावर नेऊन काच उचलली.

दादा वाकून बघत राहिला. मला वाटलं, चिडेल. तर तो हसायला लागला. म्हणजे असा हसायला लागला की डोळ्यांत पाणी. "बाबा," म्हणाला, "च्यायला, उगवलं हो! खरंच उगवलं!" काकांच्या खांद्याला धरून हलवलं त्यांना. पुण्याला बायकोला फोन लावला, नातवाला डबा दाखवला, "बघ, आजोबांनी काय केलं." हरला होता हो तो, पण जिंकल्यासारखा ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. मग थांबला, म्हणाला, "ठीक आहे. राहा इथंच. पण जिन्याला कठडा बसवून जातो मी उद्या. आणि सिस्टर, तुम्ही आहात म्हणून हो म्हणतोय."

मी चहा टाकायला काकांच्या स्वयंपाकघरात गेले. देवाशपथ, नाचायचंच बाकी होतं. खालच्या घरात असा हसण्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात ओट्यावरून काकांचा आवाज आला. "बस खाली. ती क्रॅनबेरी न्हाई."

मी सांडशी हातात धरून दाराकडं वळले.

"म्हणजे?"

"राजगिरा हाय तो. क्रॅनबेरीचं एकबी बी उगवलं न्हाई."

"राजगिरा कुठून आला, बाबा?"

मी पळत बाहेर आले. "दादा, तो मी..."

"माझ्या हातून पडला," काका माझं बोलणं तोडत म्हणाले. "सिस्टर, चहा उतू चालला."

ज्या माणसानं मुलगा झाला त्या दिवसाचं रीडिंग बनवून लिहिलं नाही, तो सरळ माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलला. दादानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं असावं.  मग म्हणाला, "बाबा, जाऊ द्या. राहा म्हटलं ना मी. राजगिरा तर राजगिरा."

"तू उगवलं म्हणून राहा म्हणाला. उगवलं न्हाई. शब्द दिल्ता मी." आणि काका उठून आत गेले.

सांगा आता, अशा माणसाचं काय करावं? दादा समजावून थकला, मी भांडून थकले. संध्याकाळी दादा पेट्रोल भरायला गेला तेव्हा मी परत खाली गेले. काका पलंगावर बॅग उघडून शर्ट भरत होते. सहा-सात शर्ट, काही बनियन, त्यातच भिंग.

"कधी कळलं तुम्हाला?" मी दारातूनच विचारलं.

"त्याच दिवशी. खोड लाल होतं ना. मी लॅबमध्ये होतो, पण जन्मलो खेड्यातच."

"मग बारा दिवस गप्प का बसलात?"

काका शर्टाची बाही आत घालायला बघत होते, ती बाहेर येत होती. "राहायचं होतं मला, पोरी," म्हणाले. पहिल्यांदा त्यांनी मला सिस्टर म्हटलं नाही. "रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मंग वाटायचं, आजचा दिवस राहू."

माझा बांध फुटला. "मग अजून एक दिवस गप्प बसायला काय झालं होतं? तो हो म्हणाला होता! सगळं झालं होतं! तुम्हाला कोण जाब विचारणार होतं इथं!"

"तू बघितलं न्हाई का त्याच्याकडं?" काका म्हणाले. "किती खूश झाल्ता तो. माझ्यासाठी इतका खूश झालेला मी त्याला कधी पाह्यलाच न्हाई. आणि ते राजगिऱ्यावर." त्यांनी शर्ट तसाच बॅगेत कोंबला. "तिथं गप्प बसणं न्हाई जमलं मला."

 मी डोळे पुसले, बॅग ओढून घेतली, त्यांनी कोंबलेलं सगळं बाहेर काढलं. चौतीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण या माणसाला शर्टाची घडी घालता येत नव्हती. "सरका तिकडं," मी म्हटलं, आणि पहिल्यापासून भरायला लागले.